माडावरचे उंदीर आणि आखूड एअरगन : घ्यावी का?

माडवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे कोकणातली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारतो.

गुहागरजवळ आमचं आगर आहे. चाळीसेक माड, दोनशेच्या आसपास पोफळी, मधे जायफळं आणि केळी. मी ठाण्याला, महिन्यातून दोन खेपा गावाला. आईबाबा तिथेच असतात. बाबा ७१ वर्षांचे, अजून शिपणं स्वतः करतात. गेली दोन वर्षं उंदरांनी उच्छाद मांडलाय. सकाळी माडाखाली कोवळी फळं पडलेली असतात, प्रत्येकाला देठाजवळ रुपयाएवढं भोक. मागच्या खेपेला मोजली, आठवड्यात ६३. शिवाय माळ्यावर भाताची पोती फोडतात ते वेगळंच.

बाबांनी आता जाहीर केलंय, "मला एअरगन आणून दे." पुतण्याने मोबाईलवर एक आखूड एअर रायफल दाखवली, दप्तरात मावेल एवढी. बाबांचं म्हणणं असं की पोफळीतून वाकून फिरताना लांब नळी झावळांत अडकते, तेव्हा हीच बरी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. परवाना लागतो का? आखूड घ्यावी की नेहमीची? आणि मुख्य म्हणजे उंदरांवर तिचा उपयोग होतो का?

(खरं सांगायचं तर बाबांचा डोळा उंदरांपेक्षा माकडांवर जास्त आहे असा मला संशय आहे.)

सुपारीफोड

आधी बाबांच्या चष्म्याचा नंबर सांगा, मग बंदूक सुचवतो.

कातळावरचा

माझ्याकडे सहा वर्षं एअरगन आहे (राजापूर तालुका, काजू आणि थोडा आंबा), त्यामुळे लिहितो.

परवान्याचं आधी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिमीपर्यंत आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. दुकानात हिलाच 'वन सेव्हन सेव्हन' म्हणतात. त्याच्या वरची 'डबल टू' घ्यायची तर परवाना लागतो. कोणी "घ्या हो, कोण बघतंय" म्हणालं तरी घेऊ नका. मी घेतली तेव्हा दुकानदाराने ओळखपत्राची प्रत घेऊन वहीत नोंद केली. जो हे करत नाही त्याच्याकडे जायचंच नाही.

ताकदीचा अंदाज यावा म्हणून : अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने निघाला तर साडेचौदा ज्यूलच्या आसपास होतात. दहा-पंधरा मीटरवरच्या उंदराला ते भरपूर झाले. त्यापुढे मोठ्या जनावराला मारायला नाहीत, जखमी करायला मात्र पुरेसे. हा फरक बाबांना नीट समजावून सांगा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर. माळ्यावर, गोठ्यात, खळ्यात रात्री टपून बसलात तर उपयोग होतो. माडाच्या शेंड्यात अजिबात होत नाही. माडावरचा उंदीर हा काळा उंदीर, लांब शेपटीचा, चढण्यात पटाईत. तो बाराबारा मीटर उंचावर झावळांच्या बेचक्यात बसलेला असतो, तोही रात्री. तुम्हाला दिसणार काय? दिसलाच तर वर मारलेला छर्रा चुकून पुढे जातो कुठे, हे कोणी बघितलंय? एअरगनचा छर्रा तीनेकशे मीटर सहज जातो. तुमच्या आगरापासून तीनशे मीटरच्या आत किती घरं आहेत ते मोजा.

माडवाला

मोजली. अकरा. त्यातलं एक सरपंचाचं.

खाडीपलीकडचा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि माझी करुण कहाणी.

आमचं घर कौलारू. वाशावरून उंदीर रोज रात्री नऊ-सव्वानऊला पळायचा, एस्टीसारखा, किंबहुना एस्टीपेक्षा वेळेवर. मी भावाची एअरगन आणून ओटीवर खुर्ची टाकून बसलो. पहिल्या रात्री तीन छर्रे, तीन कौलं. दुसऱ्या रात्री एक छर्रा वाशाच्या खिळ्यावर आपटून परत आला आणि माझ्या गुडघ्याला चाटून गेला. तिसऱ्या रात्री उंदीर मेला. मग पहिला पाऊस पडला तेव्हा कळलं की कौलं तीन नव्हे, पाच फुटली होती. आता मंगलोरी कौलं मिळतात कुठे? कारखाने बंद होत चाललेत, जुनी घरं मोडतात तिथून विकत आणावी लागतात. एक उंदीर मला पाच कौलं आणि एक गादी एवढ्याला पडला.

जांभ्याच्या गडग्यावर, चिऱ्याच्या भिंतीवर तर मारूच नका. चिरा मऊ वाटतो, पण छर्रा कुठल्या कोनात फिरेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मागे पोतं, मातीचा ढीग, भाताची पेंढी, असं काहीतरी छर्रा खाणारं असलं पाहिजे.

तात्या_दोडामार्ग

तुमच्याकडे उंदीर, आमच्याकडे हत्ती. २००२ सालापासून तिलारीच्या बाजूक येतत, माड मुळासकट पाडतत. एका रातीत वीस माड गेलेले मी बघलंय. कोणाक आखूड एअरगन गावली तर माका पण सांगा, दप्तरात घालून हत्तीक दाखवतंय.

सुपारीफोड

तात्या, हत्तीला दाखवाल, पण तो ओळखपत्राची प्रत मागेल.

घाटमाथा

मी कोकणातला नाही (पुणे), पण दहा मीटर एअर रायफल बारा वर्षं मारतोय म्हणून तांत्रिक बाजू लिहितो. अभिनव बिंद्राला २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण मिळालं तोच हा प्रकार. छर्रा तोच साडेचार मिमीचा. दहा मीटरवर, स्थिर उभं राहून, जाड कोट घालूनसुद्धा दहाचं वर्तुळ चुकतं. तेव्हा हलता उंदीर, टॉर्च, डास आणि ७१ वय हे सगळं डोळ्यासमोर आणा.

'आखूड' या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि लोक इथेच फसतात.

पहिली स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची, फक्त नळी कमी लांबीची. इथे गोम अशी की स्प्रिंग दाबायला नळी हाच दांडा असतो. दांडा आखूड झाला की जोर जास्त लागतो. पहारीने दगड उचकटताना लांब पहार का घेतो, तेच. तरुण माणसालासुद्धा वीस छर्र्यांनंतर खांदा भरून येतो. तुमच्या बाबांना आखूड स्प्रिंगची त्रासदायक होईल. शिवाय स्प्रिंगच्या बंदुकीला पुढे-मागे असा दुहेरी धक्का असतो. हलकी आणि आखूड असली की तो धक्का नेम बिघडवतो.

दुसरी पीसीपी. तिच्यात आधीच दाबून भरलेली हवा असते. यंत्रणा दस्त्यात मागे सरकवलेली असल्यामुळे नळी पुरेशी लांब राहूनही एकूण बंदूक आखूड दिसते. धक्का जवळजवळ नाही, नेम उत्तम. पण टाकीत दोनशे-अडीचशे बार दाब भरायचा असतो, म्हणजे हातपंपाचे शंभरावर दट्टे. शिवाय पंप वेगळा, सील वेगळे, खर्च तिप्पट-चौपट. आणि कोकणातली पावसाळी हवा त्या टाकीत भरलीत तर पाणीच भरलंत म्हणा. पंपाला ओल शोषणारी नळकांडी लावावी लागते, नाहीतर आतून गंज.

एकंदर, बाबांसाठी मध्यम ताकदीची, नेहमीच्या लांबीची स्प्रिंगवाली. पोफळीत अडकेल, बरंच आहे. पोफळीत ती चालवायचीच नाहीये.

पाटाचं_पाणी

घाटमाथा, पहारीचं उदाहरण आवडलं. एवढं सोपं कोणी सांगितलं नव्हतं.

आमची देवगडला हापूसची कलमं. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळची इंडियन ह्यूम पाईप कंपनीची एअरगन आहे, अजून चालते. पण खाऱ्या हवेचं लक्षात ठेवा. समुद्र दीड किलोमीटरवर. पावसाळ्यात आठ दिवस कपाटात राहिली की नळीवर लाल पूड येते. बाहेरून तेलाचा हात रोज, आणि सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची. रेक्झिनच्या पिशवीत नाही, तिच्यात घाम धरते.

घाटमाथा

बरोबर, फक्त तेल बाहेरूनच. स्प्रिंगच्या बंदुकीत हवेच्या खोलीत तेल गेलं की दाबाने ते पेटतं, धूर येतो, मोठा आवाज होतो, सील जळतं. याला डिझेलिंग म्हणतात. लोकांना वाटतं, वा, बंदूक जोरात वाजायला लागली! आणि छर्र्याशिवाय रिकामी झाडू नका, दट्ट्या समोर आपटून स्प्रिंग जाते. मित्र आले की हमखास हेच करतात.

रोखठोक

सगळे उंदीर उंदीर करत बसलेत. कोकणातला खरा प्रश्न माकडं आणि डुकरं हा आहे. उंदराने पन्नास नारळ पाडले तर माकडं एका सकाळी शंभर शहाळी उपटून फेकतात. परसात भाजी नाही, केळीला घड नाही, पपई नाही, चिबूड तर आमच्या मुलांनी दोन वर्षांत बघितलेलाच नाही. लोकांनी परसच सोडून दिलं. एअरगनने दोन-चार हाणली की टोळी परत येत नाही. कायदे करणाऱ्यांना एक वर्ष आमच्या वाडीत आणून ठेवा.

वनवाटा

मी वनखात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालो, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी दोन्ही जिल्ह्यांत. रोखठोक यांचा राग मला समजतो. पंचनामे करताना लोकांच्या शिव्या मीच खाल्ल्यात, आणि त्यातल्या निम्म्या रास्त होत्या.

पण "दोन-चार हाणा" हा सल्ला कोणाच्या बाबांना तुरुंगात घालील. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. लाल तोंडाची माकडं, ज्यांना मालवणीत केलडी म्हणतात, ती पहिल्या अनुसूचीत आहेत. शेकरूही तिथेच, आपला राज्यप्राणी. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. एअरगनला परवाना लागत नाही म्हणजे तिने काहीही मारायला परवानगी आहे असा अर्थ लोक काढतात. दोन वेगळे कायदे आहेत. मोर, पोपट, कांडेचोर (उदमांजर), काळ्या तोंडाचे वानर यांनाही हात लावायचा नाही.

रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करत असेल तर कायद्यात लेखी परवानगीची तरतूद आहे, त्यासाठी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करायचा. त्यालाही एअरगन चालत नाही. पंधरा ज्यूलने डुक्कर मरत नाही, चिडतं. चिडलेलं डुक्कर पुढे काय करतं ते मी कणकवलीच्या रुग्णालयात बघितलंय.

"टोळी परत येत नाही" हेही खरं नाही. जखमी माकड टोळीबरोबरच राहतं, टोळी दोन दिवस पलीकडच्या वाडीत जाते आणि तिसऱ्या दिवशी येते. आम्हाला फोन तिसऱ्या दिवशी यायचा.

रोखठोक

मग करायचं काय? अर्ज लिहीत बसायचं? आमच्याकडे लोकांनी पीव्हीसी पाइपाच्या कार्बाईडच्या बंदुका केल्यात. आवाजाने तरी पळतात.

औषधवाली

रोखठोक, कृपा करून ती कार्बाईडची बंदूक घरातल्या मुलांच्या हाती देऊ नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात असल्याच बंदुकांनी कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. वाजली नाही म्हणून पोर नळीत डोकावतं, आणि तेवढ्यात वाजते.

आणखी दोन गोष्टी, दोन्ही माझ्या दवाखान्यातल्या रोजच्या.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. लेप्टो आपल्याकडे दर पावसाळ्यात असतो. उंदराच्या लघवीतून जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, चरकट्यातून शरीरात जातात. बंदुकीने मारा, पिंजऱ्याने मारा, हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हवीच. खोल पुरा. भात लावणीनंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर "अंग मोडून आलंय" म्हणून काढा पीत बसू नका.

दुसरं, माकडाबद्दल. दोडामार्ग, सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडींतून पसरतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात, आणि काजूच्या बागेत पाचोळा गोळा करणाऱ्या बायकांना चावतात. म्हणजे तुम्ही बागेत माकड मारून टाकलंत तर रोग बागेतच पेरलात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं.

तात्या_दोडामार्ग

बाई बोलली ता खरा. आमच्या वाडीत त्या वर्सा काजूच्या बागेत कोण जायत नव्हतो. बी झाडाखाली कुजान गेली. आमची म्हातारी अजून माकाड मेलेला दिसला की लांबसून वळसो घालता.

संपादक मंडळ

संरक्षित प्राणी मारण्याचे सल्ले देणारे चार प्रतिसाद काढले आहेत. धागा उंदरांवर ठेवावा. हत्तींनाही तूर्तास सूट.

पिंगळा

आता जरा उलट बाजू. उंदीर खाणारे तुमच्या आगरात आधीपासूनच आहेत, त्यांना कामावर ठेवा, पगार लागत नाही.

गव्हाणी घुबड : पांढऱ्या बदामी तोंडाचं, जुन्या घराच्या माळ्यावर, देवळाच्या शिखरात राहणारं. त्याच्या बसायच्या जागेखाली करड्या केसाळ गोळ्या पडलेल्या दिसतात. एक गोळी पाण्यात भिजवून काडीने सोडवा, उंदरांच्या कवट्या, दात, हाडं मोजता येतात. मी एकदा मुलीच्या शाळेसाठी ओंजळभर गोळ्या नेल्या, बाईंनी मला परत बोलावलं नाही. पिलं असली की एक जोडी रात्रीत किती फेऱ्या मारते हे एकदा जागून बघा. पण लोक काय करतात, घुबड बसलं की अशुभ म्हणून दगड मारतात. आणि धामण दिसली की काठी. धामण मारायची आणि मग उंदीर झाले म्हणून बंदूक आणायची, हा आपला हिशेब.

छर्रा शिशाचा असतो हेही लक्षात घ्या. छर्रा लागून शेतात पडलेला उंदीर घुबडाने, घारीने खाल्ला तर शिसं त्यांच्या पोटात. मारलेला उंदीर शोधून पुरलाच पाहिजे.

भाट्येकर

आमचा माडांचा धंदा तीन पिढ्यांचा, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. धागा छान चाललाय, पण अजून कोणी पत्र्याचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

माडावरच्या उंदराला जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे खोडाला पत्रा. जमिनीपासून साधारण दोन मीटरवर, चाळीस सेंटीमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा खोडाभोवती घट्ट गुंडाळायचा. उंदराचं नख पत्र्यावर लागत नाही, तो खाली येतो. पूर्वी तेलाचे डबे कापून लावायचे. आता बाजारात गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी कापून मिळते. लोखंडी घेऊ नका, खाऱ्या हवेत दोन पावसाळे टिकत नाही. खिळे कमीत कमी मारा.

पण, आणि हा मोठा पण आहे : तुमच्या आगरात पोफळी आहेत. माडाची झावळी शेजारच्या माडाला किंवा पोफळीच्या शेंड्याला टेकत असेल तर उंदीर पोफळीवरून चढून झावळीच्या पुलाने पलीकडे जातो. मग चाळीस माडांना पत्रे लावलेत तरी तो खालून हसत बसणार नाही, वरून हसत बसेल. आधी माडाचा शेंडा साफ करून घ्यायचा. जुन्या झावळा, सुकलेल्या पोयी, पिसुंड्री, सगळं काढायचं. उंदराचं घरटं त्याच कचऱ्यात असतं. मग कुठले माड खरोखर सुटे आहेत ते बघून त्यांना पत्रे लावायचे.

दाटीतल्या माडांसाठी ब्रोमाडिओलोनच्या मेणाच्या वड्या. दर पाच माडांमागे एका माडाच्या शेंड्यात दहा ग्रॅमची वडी, बारा दिवसांनी परत एकदा. पाडेली (नारळ उतरवणारा) चढणारच असतो, त्याच्या हाती द्यायची. उंदीर एका झाडावरून दुसऱ्यावर फिरतात म्हणून प्रत्येक माडावर ठेवायची गरज नसते.

पिंगळा

भाट्येकर, पत्र्याला शंभर टक्के सहमत. वड्यांना नाही. ब्रोमाडिओलोनने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच घुबडाच्या हाती लागतो. विष त्याच्या पोटात जातं. मांजराचंही तेच.

भाट्येकर

मान्य आहे, म्हणून तर शेंड्यात ठेवायची, जमिनीवर पसरायची नाही, आणि फक्त नुकसान जास्त असेल तेव्हाच. पण साहेब, माझी पोटाची खळगी घुबडावर भरत नाही. वर्षाला हजार नारळ उंदराला दिले तर पाडेलीची मजुरी कशातून द्यायची? हल्ली तो माडामागे किती घेतो ते विचारा.

सुपारीफोड

पाडेली मिळतो हीच बातमी आहे. आमच्याकडे पाडेलीची तारीख हृदयरोगतज्ज्ञापेक्षा लांबची मिळते.

पाटाचं_पाणी

पाडेलीवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते.

अवांतर : माझ्या आजेसासऱ्यांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. दारू ठासायची, मग गोळी, मग टोपी. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर आणायची, ही मोठी यात्रा. सासूबाई सांगतात की बंदूक आयुष्यात दोनदाच वाजली. एकदा नवीन आणली तेव्हा, आणि एकदा शिमग्याला, चुकून. भाताचं राखण खरं म्हणजे शेतातल्या माळ्यावर बसून डबा वाजवणाऱ्या पोरांनी आणि गोफणीने केलं. आता गावात डबा वाजवायला पोरं नाहीत. सगळी इथे धाग्यावर आहेत.

माडवाला

हे शेवटचं वाक्य लागलं.

घाटमाथा

छर्र्याबद्दल राहिलं. टोकदार छर्रे 'शिकारीचे' म्हणून विकतात, त्यांना भुलू नका. गोल डोक्याचे सगळ्यात सरळ जातात. अगदी जवळून, पाच-सात मीटरवर, चपट्या डोक्याचे चांगले. एकाच डब्यातले दहा छर्रे दहा मीटरवर कागदावर मारून बघा. पाच रुपयांच्या नाण्याखाली सगळे झाकले गेले नाहीत तर उंदरावर मारूच नका. अर्धमेला उंदीर भिंतीत जाऊन मरतो, आणि मग आठ दिवस घरात जेवण जात नाही.

रात्री टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, उंदराला लाल उजेड फारसा कळत नाही.

खाडीपलीकडचा

भिंतीत मेलेल्या उंदरावर मी स्वतंत्र लेख लिहू शकतो, पण वाचकांच्या जेवणाच्या वेळा वेगवेगळ्या आहेत.

माडवाला (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतो. सगळ्यांनी एवढं लिहिलंत, तर काय झालं ते सांगणं भाग आहे.

बाबांना घेऊन दुकानात गेलो. आखूड स्प्रिंगवाली त्यांच्या हातात दिली. पहिल्यांदा दाबली, दुसऱ्यांदा अर्ध्यावर सोडली, तिसऱ्यांदा म्हणाले, "ही पहार कोणी कापली?" (घाटमाथा, मी तुमचं उदाहरण त्यांना सांगितलेलं नव्हतं. शपथ.) मग नेहमीच्या लांबीची मध्यम ताकदीची घेतली. ओळखपत्र, वहीत नोंद, सगळं रीतसर.

माळ्यावर मागे भाताच्या पेंढ्यांची थप्पी लावून दिली, बसायला पाट, लाल कागदाचा टॉर्च. सात आठवड्यांत ११ उंदीर आणि एक घूस. कौल एकही नाही, कारण बाबांना वर बघून मारायला मनाई आहे आणि आई खाली बसून लक्ष ठेवते. हातमोजे माझ्या बायकोने पाठवले. बाबा घालतात, पण फोटो काढू देत नाहीत.

माडांचं : पाडेली अठरा दिवसांनी मिळाला. शेंडे साफ करताना तीन घरटी निघाली, एकात पिलं. चाळीसपैकी सव्वीस माड सुटे निघाले, त्यांना पत्रे लावले. बाकीचे चौदा पोफळीत गुंतलेत, तिथे वड्यांवर घरात मतदान झालं. आई आणि मी विरोधात, बाबा आणि पाडेली बाजूने. बरोबरी. तूर्तास ठेवलेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात भोकाची फळं मोजली, १९. त्यातली सोळा त्या चौदा माडांखाली. भाट्येकर, पुलाचं तुम्ही म्हणालात ते तंतोतंत.

एअरगनने माडावरचा एकही उंदीर मारलेला नाही. एकदाही वर रोखलेली नाही.

माकडांचं राहिलं. बाबा रोज संध्याकाळी गडग्यापाशी माती रचून तिच्यापुढे डबा ठेवतात आणि नेम धरायचा सराव करतात. परवा टोळी आली तेव्हा तेच चाललं होतं. एक मोठा नर पपईवर बसून अख्खा वेळ बघत होता. बाबांचे दहापैकी सहा लागले. मग बाबांनी बंदूक आत नेऊन ठेवली, बाहेर येऊन डबा उचलला आणि तो काठीने बडवला. टोळी गेली.

वनवाटा

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

पाटाचं_पाणी

डबा! सासूबाईंना वाचून दाखवलं.

भाट्येकर

त्या चौदा माडांच्या बाजूच्या झावळा फाल्गुनात छाटा, पावसाआधी. आणि सोळा फळं म्हणजे तीन घरटी अजून आहेत, एक वर्षानुवर्षं न उतरवलेल्या माडावर असणार. पाडेलीला तोच आधी चढायला सांगा.

पिंगळा

माळ्यावर पेंढ्यांची थप्पी आहे तर एका कोपऱ्यात लाकडी खोका टांगा, तोंड बाहेरच्या बाजूला. घुबड आलं तर बाबांची अर्धी पाळी ते करील.

तात्या_दोडामार्ग

माका एक सांगा, पत्रो किती रुंद घेतलो तर हत्ती चढाचो नाय?

नवा_सदस्य_४४

नमस्कार, आजच सभासद झालो. धागा पूर्ण वाचला नाही. डबल टू घेतली तर रानडुक्कर पडेल का? आणि परवाना लागतो का?

कातळावरचा

वर वाचा.